लेम्युएल कुक: कॉर्नवॉलिसची फजिती डोळ्यांनी पाहिलेला १०६ वर्षांचा शेतकरी

उत्तरेश्वर

पानिपतच्या आधी जन्मलेल्या माणसाचा फोटो असू शकतो, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. पण आहे.

लेम्युएल कुक. जन्म १० सप्टेंबर १७५९, कनेक्टिकटमधल्या नॉर्थबरी गावी. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले त्याच्या बरोब्बर चार महिने आधी. मृत्यू २० मे १८६६, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला क्लॅरेंडन गावात. तोवर दुसरा बाजीराव बिठूरला वारून पंधरा वर्षं झाली होती आणि बोरीबंदर-ठाणे आगगाडी तेरा वर्षं धावत होती. या माणसानं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध लढलं, मग आयुष्यभर शेती केली, आणि अमेरिकेचं यादवी युद्धही संपलेलं पाहिलं.

१८६४ साली एलायस हिलर्ड नावाचा पाद्री, स्वातंत्र्ययुद्धातले जे मूठभर पेन्शनर अजून हयात होते त्यांच्या घरोघरी फिरला. सहा म्हातारे सापडले. प्रत्येकाचा फोटो निघाला आणि पाद्रीबुवांनी त्यांच्या तोंडच्या गोष्टी उतरवून घेतल्या. कुक तेव्हा जवळजवळ १०५ वर्षांचा. काठी टेकत चालायचा, चष्मा लावून बायबल वाचायचा, आवाज मात्र अजून खणखणीत. यादवी युद्धाचा विषय निघाल्यावर काठी जमिनीवर आपटून म्हणाला, भयंकर आहे हे, पण कितीही भयंकर असलं तरी बंड मोडलंच पाहिजे.

मी रॉचेस्टरकडे राहतो. क्लॅरेंडन इथून पश्चिमेला, गाडीनं तासाभराच्या आत. म्हणून हा म्हातारा मला जरा जवळचा वाटतो.

आता त्याच्या गोष्टी. सोळा-सतराव्या वर्षी भरती व्हायला गेला. अंगानं इतका किरकोळ की कप्तान म्हणाला, एवढ्याशा पोराला थोड्या मुदतीसाठी घेऊन काय करू, लढाई संपेपर्यंत राहणार असशील तर ये. पोरगं कबूल झालं. शेल्डन कर्नलच्या घोडदळात, म्हणजे सेकंड लाइट ड्रॅगून्समध्ये दाखल झालं आणि १७८४ च्या जूनमध्ये सुटलं.

डॉब्स फेरीला पहिल्यांदा पहाऱ्यावर उभं केलं तेव्हाची गंमत ऐका. समोरच्या कोठारातून एक माणूस बाहेर आला, नेम धरला, गोळी झाडली. गोळीचा वारा अंगाला लागला. शेजारचा शिपाई म्हणतो, "लेम, ते तुलाच मारतायत रे, रस्त्याच्या पलीकडे जा." हा पलीकडे गेला. कोठारातून दुसरा आला, त्यानंही झाडली. मग तिसरा. एव्हाना छावणी जागी झाली आणि तिघांना धरून आणलं. इंग्रजांच्या बाजूनं गुरं पळवणाऱ्या टोळीतले होते. त्यातला एक निर्लज्जपणे विचारतो, आम्ही ज्याच्यावर गोळ्या झाडत होतो तो इथं आहे का? मेजर टॉलमाज म्हणाले, हा काय, हा पोरगा. तेव्हा कळलं की तिघांनी एकेक क्राऊनची पैज लावली होती, जो लेमला पाडेल त्याला तिन्ही नाणी. कुकनं काय करावं? खोगिराच्या पिशवीतून पिस्तूल काढलं, त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला: पैशासाठी माझा नेम धरत होतास ना, आता पाळी माझी, पैसे दे नाहीतर जीव दे. एकाकडून चार आणि उरलेल्या दोघांकडून तीन, असे सात क्राऊन खिशात घातले!

शंभरी उलटलेला माणूस ही गोष्ट सांगताना किती खूश असेल.

पुढचा भाग यॉर्कटाउनचा, म्हणजे जिथं इंग्रज फौज शरण आली तिथला. पण तो आपल्याशी जोडलेला आहे, म्हणून सवडीनं लिहितो.

टिवल्याबावल्या

सात क्राऊन! पैज तीनची आणि वसुली सातची. झकास. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

आज्जीचा_बटवा

छान लिहिलंय. पण शेतकरी कुठे आहे यात? शीर्षकात शेतकरी आणि आत सगळी बंदूकबाजी.

शंकासूर

धाग्याचा रसभंग करतो, माफी असावी. १०६ वर्षं? त्या काळात जन्मनोंदी कशा असायच्या ते माहीत आहे ना? आपल्याकडे प्रत्येक गावात एक "एकशे दहा वर्षांचे आजोबा" असतात, आणि त्यांचा थोरला मुलगा पंचावन्नचा असतो.

उत्तरेश्वर

@शंकासूर, शंका रास्त आहे. त्या सहा म्हाताऱ्यांपैकी काहींची वयं नंतरच्या अभ्यासकांनी बरीच खाली आणली आहेत. अलेक्झांडर मिलिनर नावाच्या ढोलवादकाचं वय तर चांगलंच फुगवलेलं निघालं. सॅम्युएल डाउनिंग, ज्याच्याबद्दल पुढे लिहितो, त्याच्याही जन्मसालाबद्दल दोन मतं आहेत. कुकच्या बाबतीत मात्र सैन्यातली नोंद, सुटकेचा कागद आणि पेन्शनची कागदपत्रं एकमेकांना धरून आहेत. १७८१ ला तो लढण्याच्या वयाचा होता हे नक्की. त्यातून दोन-चार वर्षं वजा केलीत तरी माणूस शंभरीपारच राहतो.

@आज्जीचा_बटवा, शेतकरी येतोय. आधी यॉर्कटाउन उरकू दे.

१७८१ चा उन्हाळा. सगळ्यांना वाटत होतं वॉशिंग्टन न्यूयॉर्कवर हल्ला करणार. वॉशिंग्टनच्या फौजेतल्या बॅरन स्टॉयबेननं घोडी आणि माणसं निवडली. रेजिमेंटमधून अठरा जण, त्यात कुक. बाकीचे म्हणाले, वेडा आहेस, न्यूयॉर्कवर चढाई आहे, मरशील. सकाळी निघाले, व्हाइट प्लेन्सच्या दिशेनं गेले आणि एकदम वळण घेऊन नदीपार न्यू जर्सीत उतरले. हुलकावणी! तिथून थेट दक्षिणेला व्हर्जिनिया. धुळीनं जीव गुदमरत होता. कुणीतरी आपली बाटली पुढे केली, घे मोठा घोट, रात्रभर चालायचंय. पाणी समजून यानं तोंड भरून घेतला आणि ठसका लागून मरायची वेळ आली. आत काय होतं ते चाणाक्ष मंडळींना सांगायला नको.

१९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सात हजारांवर फौजेनं हत्यारं खाली ठेवली. साहेब स्वतः आजारपणाचं कारण सांगून मुक्कामीच राहिले, तलवार घेऊन ओ'हारा नावाच्या जनरलला पाठवलं. कुकच्या आठवणीत मात्र जनरल बिनरल फारसे नाहीत. त्याला आठवतं ते असं: आम्हाला खायला जेमतेम आणि प्यायला काहीच नव्हतं, माश्या हाकलायला झुडपं तोडून आडोसा केला होता. वॉशिंग्टनची ताकीद होती की इंग्रजांना कुणी हसायचं नाही, शरण यावं लागलं एवढंच पुरे आहे. इंग्रजांची घोडी भुकेनं इतकी खंगलेली की वॉशिंग्टननं आपली घोडी लावून त्यांचं सामान चढावर ओढून दिलं. फौजेमागून चालणाऱ्या बायकांपैकी एक म्हणत होती, हे मेले यांकी मला भाकरी देतील का कोण जाणे. आणि दक्षिणेकडून आलेल्या अमेरिकन जनरल ग्रीनच्या शिपायांच्या अंगावर शेरभर उवा, पायात ना बूट ना जोडा.

मोडीवाचक

धागा वाचनखुणेत टाकला. आता कॉर्नवॉलिसचं पुढचं मी सांगतो, कारण ते आमच्या गल्लीतलं आहे.

यॉर्कटाउनला नाक कापलं गेलं म्हणून कॉर्नवॉलिसला कुणी घरी बसवलं नाही. १७८६ ला तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९० ला पुण्यात पेशव्यांशी तह झाला, निजामही सोबत आला, आणि तिघं मिळून टिपूवर गेले. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला तो हाच काळ. मे १७९१ ला कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला खरा, पण धान्य संपलं, बैल पटापट मेले, वेढ्याच्या जड तोफा ओढायला जनावर उरलं नाही. तोफा स्वतःच्या हातानं निकामी करून माघार घेतली. आणि मेलकोट्याजवळ समोरून धूळ दिसली. आधी वाटलं टिपूचे घोडेस्वार. निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ! मराठ्यांच्या छावणीचा बाजार भरलेला होता. उपाशी इंग्रज फौज अक्षरशः त्या बाजारावर जगली. आपल्या वाण्यांनी भाव मात्र असे लावले की साहेबाच्या शिपायांचा पगार तिथंच रिकामा झाला.

म्हणजे दहा वर्षांच्या अंतरानं, पृथ्वीच्या दोन टोकांना, त्याच माणसाच्या छावणीतली उपाशी जनावरं. कुकनं घोडी पाहिली, आपल्या लोकांनी बैल. फरक इतकाच की कुकचं बोलणं कुणीतरी लिहून घेतलं. हरिपंतांच्या फौजेतल्या बारगिराला, म्हणजे साध्या घोडेस्वाराला, काय दिसलं ते विचारायला कुणी गेलं नाही. आपल्याकडे सरदारांची पत्रं आहेत, वकिलांची आहेत, हजेरीपटात शिपायाचं नाव, घोड्याचा रंग आणि पगार आहे. त्याच्या तोंडचं वाक्य नाही. जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसलो की मला ही गोष्ट फार लागते.

शंकासूर

लिहून घ्यायला हिलर्डसारखा रिकामा पाद्री हवा. आणि छापायला फोटोग्राफर हवा, ज्याला फोटो विकायचे आहेत.

मोडीवाचक

विकायला का होईना, लिहिलं तर.

उत्तरेश्वर

मोडीवाचक, मेलकोट्याचं मला एवढं तपशिलात ठाऊक नव्हतं, अनेक आभार. अजून एक धागा: फ्रेंच १७७८ ला अमेरिकेच्या बाजूनं युद्धात उतरले आणि त्याच सुमारास सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच पुण्यात नाना फडणविसांकडे ठाण मांडून बसला होता. मुंबईकर इंग्रजांची झोप उडवण्यात त्याचा हातभार होता. वडगावची नामुष्की लगेच पुढची, जानेवारी १७७९.

आता शेती. (आज्जी, घ्या.)

युद्धानंतर कुकनं हॅना कर्टिसशी लग्न केलं. काही काळ कनेक्टिकटमध्ये आणि न्यूयॉर्क राज्यात युटिकाकडे काढला, आणि शेवटी क्लॅरेंडन. त्या पिढीतले हजारो लोक असेच पश्चिमेला सरकत गेले, कारण कनेक्टिकटची जमीन दगडाळ आणि घरात पोरं भरपूर. इकडे जेनेसी नदीच्या पलीकडे काळीभोर जमीन, पण वर जंगल. हे जंगल काढायचं कसं? मोठ्या झाडाच्या सालीला कुऱ्हाडीनं गोल पट्टा मारून ठेवायचा. झाड उभ्या उभ्या वाळतं, पानं झडतात, खाली ऊन पडतं. मग बुंध्यांच्या मधून मका टोकायचा. नांगर चालतच नाही, खोडं आणि मुळं कुजायला वर्षं जातात. पाडलेली लाकडं ओंडके करून, बैलांनी ओढून, रचून पेटवायची. आणि त्या राखेतच पहिला रोकडा पैसा. राखेवर पाणी सोडून काढलेला क्षार लोखंडी काहिलीत आटवला की पोटॅश तयार. साबण आणि काच करणाऱ्यांकडे त्याला मागणी. गहू विकायला रस्ता नव्हता, पोटॅश मात्र वजनाला कमी आणि भावाला जास्त. १८२५ ला ईरी कालवा सुरू झाला तेव्हा कुठे इथल्या गव्हाला बाजार मिळाला आणि रॉचेस्टरच्या पिठाच्या गिरण्या देशभर गाजल्या. क्लॅरेंडनपासून कालवा अगदी जवळ, होलीला आहे.

त्यात दलदलीचा हिवताप. नव्यानं आलेल्या बहुतेक घरांत पहिल्या एक-दोन वर्षांत कुणी ना कुणी थरथरत पडलेलं असायचं.

सॅम्युएल डाउनिंगचं सांगायचं राहिलं. तोही त्या सहांतला, राहणार एडिनबर्ग, साराटोगा जिल्हा. गेला तेव्हा तिथं नुसतं जंगल, वस्ती करणाऱ्या पहिल्यांपैकी हा एक. वय शंभर भरल्याचा सोहळा झाला तेव्हा गावोगावचे लोक जमले, तोफा उडाल्या, आणि या गृहस्थानं काय केलं? कुऱ्हाड घेऊन पाच फूट घेराचं हेमलॉक झाड पाडून दाखवलं. ज्यानं आयुष्यभर झाडंच पाडली तो दुसरं काय करणार म्हणा. जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डच्या हाताखाली लढलेला. अर्नोल्ड पुढे फितूर झाला, पण म्हातारा म्हणतो, तो "जा पोरांनो" असं नाही म्हणायचा, "चला पोरांनो" म्हणायचा.

आज्जीचा_बटवा

आता कसं! राखेचं वाचून राब आठवला. माझं माहेर पोलादपूरकडचं. तिथं डोंगरउतारावर कवळं तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरायचे. पण राखेचे पैसे करता येतात हे आमच्या म्हाताऱ्यांना कुणी सांगितलं असतं तर!

रानजाई

सगळं रंजक आहे, पण एक गोष्ट कुणीच विचारत नाहीये. ती काळीभोर जमीन "रिकामी" नव्हती.

१७७९ ला वॉशिंग्टनच्याच हुकमानं जनरल सलिव्हनची फौज इरोक्वा या मूळनिवासी लोकांच्या मुलखात घुसली आणि चाळीसच्या वर गावं जाळली. नुसती घरं नाहीत. उभा मका, भोपळे, पीच आणि सफरचंदाच्या बागा, सगळं. शिपाई लिहून गेलेत की इतका उंच मका आम्ही कधी पाहिला नव्हता. त्यांच्यातलेच काही नंतर जमीन घ्यायला परत आले. इरोक्वांपैकी सेनेका लोक वॉशिंग्टनला "गाव उद्ध्वस्त करणारा" या अर्थाच्या नावानं ओळखायचे. १७९७ च्या तहानं त्यांच्या हातून जेनेसीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख गेला. त्यामुळे "पहिला वसाहतकार" म्हणताना पहिला कोणाच्या आधीचा, एवढं विचारावं. युटिकाच्या आसपासचे ओनायडा, तेही इरोक्वाच, तर वॉशिंग्टनच्या बाजूनं लढले होते. त्यांचीही जमीन राहिली नाही.

उत्तरेश्वर

मान्य. कुकच्याच गोष्टींत याची सावली आहे. युटिकाला असताना गुराढोरांवरून तिथल्या एका मूळनिवासी माणसाशी भांडण झालं. तो माणूस खानावळीत सुरा घेऊन अंगावर आला, कुकच्या हातात काही नव्हतं, त्यानं खुर्ची उचलून ढालीसारखी धरली आणि मदत येईपर्यंत वार झेलले. पाद्रीबुवांनी ही गोष्ट शौर्य म्हणून लिहिली. गुरं कोणाची, चरत होती कोणाच्या कुरणात, हे त्यांनी विचारलेलं नाही.

सातारचा_बैलगाडीवान

इथं जरा आमचं घुसवतो, विषय पेन्शनर शेतकऱ्याचा आहे म्हणून.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (आजचा इराक) होते, मराठा पलटणीत. तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात सापडले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. खायला काही नाही म्हणून घोडी कापली तेव्हा आपली माणसं आधी तोंड लावेनात. मग कैद. आल्यावर गावात विहीर पाडली, वरच्या माळाला ताली घातल्या आणि हयातभर ज्वारी केली. आजी सांगायची, तात्या जेवताना ताटात शीत ठेवायचे नाहीत, आणि पोरांनी टाकलं तर एक शब्द न बोलता तेही उचलून खायचे. लढाईचं काही विचारलं की म्हणायचे, "लई ऊन होतं." एवढंच.

त्यांच्या सुटकेचा कागद पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला आहे. उघडायला गेलं की कडा सुटतात. जिल्ह्यात अशी नळकांडी किती असतील! शेजारच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण गेले ते परतलेच नाहीत.

टिवल्याबावल्या

"लई ऊन होतं." बास. 🙏

बार्शी_लाईट

कुकला पेन्शन किती होतं? आणि जमीन मिळाली का, आपल्याकडे माजी सैनिकांना मिळते तशी?

उत्तरेश्वर

हिलर्ड भेटला तेव्हा वर्षाला १०० डॉलरचे २०० झाले होते. पेन्शनचा इतिहास मात्र खोचक आहे. लढाई संपल्यावर धडधाकट परतलेल्या साध्या शिपायाला बरीच वर्षं काहीच नव्हतं. १८१८ ला कायदा झाला तो फक्त गरजूंसाठी. इतके अर्ज आले की १८२० ला नवा नियम काढला: घरात काय काय आहे त्याची यादी कोर्टात शपथेवर द्या. त्यामुळे आज त्या फायलींत एक गाय, दोन डुकरं, एक फुटकी किटली, मोडका नांगर अशा याद्या सापडतात. सरकारला गरिबी मोजायची होती, पण त्या निमित्तानं शेतकऱ्याचं घर आतून कसं होतं ते नोंदलं गेलं. गरिबीची अट १८३२ ला गेली.

जमिनीचं: न्यूयॉर्क राज्यानं आपल्या शिपायांना ६०० एकरांचे तुकडे दिले. त्या मुलखातल्या गावांना होमर, व्हर्जिल, सिसेरो, युलिसिस अशी नावं आहेत, कुण्या विद्वान कारकुनाची करामत! पण बहुतेक शिपायांनी ते हक्क दलालांना चिल्लर भावात विकले. कुक कनेक्टिकटच्या फौजेतला, त्याचा या जमिनीशी संबंध नव्हता.

शंकासूर

मग शेवटचा कोण? कुक?

उत्तरेश्वर

नाही. त्या सहांत कुक सगळ्यात वयस्क. त्याच्यानंतर डाउनिंग फेब्रुवारी १८६७ ला गेला. मग डॅनियल बेकमन, ज्याच्याकडे कागदच नव्हते आणि ज्याला काँग्रेसनं १८६७ ला खास कायदा करून पेन्शन दिलं, तो १८६९ ला वारला. त्याचं वय १०९ सांगतात, तुम्ही हवं तितकं कापा. विधवांचं पेन्शन तर पार १९०६ पर्यंत चालू होतं, कारण म्हाताऱ्या शिपायांनी तरुण मुलींशी लग्नं केली. यादवी युद्धाचं याहून अजब: शेवटची पेन्शनर आयरीन ट्रिपलेट, त्या युद्धातल्या एका शिपायाची मुलगी, २०२० साली वारली. महिना ७३ डॉलर १३ सेंट मिळायचे.

शंकासूर

२०२०??? यादवी युद्ध १८६५ ला संपलं ना?

उत्तरेश्वर

बाप १८४६ चा, मुलगी १९३० ची. करा हिशोब.

शंकासूर

केला. शंका मागे घेतो, निदान या धाग्यापुरती.

बार्शी_लाईट

अवांतर: वंशावळीचं आपल्याकडे काय? आमच्या आजोळी, सांगलीकडे, हेळवी यायचे. बैलावर वह्या लादून, अंगणात बसून आठ-दहा पिढ्या सुरात म्हणून दाखवायचे आणि धान्य घेऊन जायचे. त्यात "अमका फौजेत होता" असं यायचं का?

मोडीवाचक

येतं कधीकधी, पण लेकीबाळी कुठे दिल्या, मूळ गाव कोणतं, भाऊबंदकीत कुठून फाटा फुटला, यावर भर जास्त. तीर्थोपाध्यांच्या नामावळीत सही आणि गावं पक्की मिळतात. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, घराण्याचे उपाध्ये कोण ते माहीत असेल तर जाऊन विचारा. बरीच जुनी पानं मोडीत आहेत. माणूस काय करायचा ते त्यात नसतं, पण तो कधी आला, सोबत कोण होतं, हे असतं. त्याला पेन्शनच्या कागदाची जोड मिळाली की चित्र उभं राहायला लागतं.

@सातारचा_बैलगाडीवान, तो नळकांड्यातला कागद ओढून सपाट करू नका. तसाच सैल सोडून काही दिवस थोड्या दमट हवेत राहू द्या, आपोआप नरमेल. लॅमिनेशन तर अजिबात नको. उलगडला की दोन्ही बाजूंचे फोटो इथं टाका, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. मागच्या बाजूला हातानं लिहिलेलं काही असेल तर तेच आधी पाठवा.

सातारचा_बैलगाडीवान

आहे मागे काहीतरी, पेन्सिलीनं. दिवाळीला गावी गेलो की काढतो. चुलत्यांना आधी विचारावं लागेल, नळकांडं त्यांच्या कपाटात आहे आणि किल्ली काकूंकडे.